ओरडतो पट्टा, दोष पुलीचा

मोटारीच्या क्रँकशाफ्टच्या टोकावरील पुलीपासून निघून अल्टरनेटर, वातानुकूलन यंत्रणेचा कॉम्प्रेसर, अनेक गाड्यांत पाण्याचा पंप आणि जुन्या धाटणीच्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचा पंप यांना वळसे घालणाऱ्या रबरी पट्ट्याला गॅरेजमध्ये अजूनही सर्रास फॅन बेल्ट म्हटले जाते, मग त्या गाडीचा पंखा विजेच्या मोटरवर का चालत असेना. टायमिंग बेल्टला असतात तसे आडवे दाते या पट्ट्याला नसतात. आतल्या बाजूला असतात त्या केवळ लांबीला समांतर धावणाऱ्या बारीक धारा. पट्ट्यावर ‘६ पीके ११०५’ असे छापलेले असेल, तर धारा सहा आणि लांबी ११०५ मिलिमीटर असा त्याचा अर्थ होतो. दाते नसल्यामुळे इंजिनाची शक्ती हा पट्टा निव्वळ घर्षणाच्या बळावर वाहून नेतो आणि त्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळही तिथेच सापडते.

पुलीवर पट्टा केव्हा घसरेल याचे गणित अठराव्या शतकात लिओनहार्ड ऑयलर यांनी मांडले. पुलीच्या एका बाजूला पट्टा ताणलेला आणि दुसऱ्या बाजूला सैल असतो. या दोन ताणांचे गुणोत्तर एका मर्यादेपलीकडे गेले की पट्टा घसरतो आणि ही मर्यादा घर्षणांक व पट्ट्याने पुलीला घातलेला वेढा यांच्याबरोबर घातांकी वेगाने वाढते. घर्षणांक ०.३ आणि वेढा १८० अंशांचा धरला, तर सपाट पट्ट्यासाठी ही मर्यादा सुमारे २.६ पट येते. मात्र ४० अंशांच्या निमुळत्या खाचेत पाचरीप्रमाणे रुतणाऱ्या पट्ट्यासाठी ती सुमारे १५.७ पटींवर जाते, आणि वेढा निम्म्यावर, म्हणजे ९० अंशांवर, आला की पुन्हा जेमतेम ४ पटींवर उतरते. अल्टरनेटरची पुली लहान आणि तिच्यावरचा भार मोठा असल्यामुळे घसरण बहुधा तिथूनच सुरू होते, आणि वरकरणी काहीच काम न करणारी आयडलर पुली पट्ट्याच्या मार्गात बसवण्याचे एक कारणही वेढा वाढवणे हेच असते.

आवाज आला की पट्टा बदलायचा, ही आपल्याकडची रूढ पद्धत. परंतु ओरडणारा पट्टा बरेचदा साक्षीदार असतो, गुन्हेगार नव्हे. ठरावीक लयीत येणारी तुटक चिवचिव बहुधा पुली एका रेषेत नसल्याचे सांगते, कारण तिरका येणारा पट्टा खाचेत शिरताना तिच्या कडेला घासतो. दोन पुलींमधील ३०० मिलिमीटरच्या अंतरात पट्टा ५ मिलिमीटर सरकला, तरी तिरपेपणा जवळजवळ एक अंशाचा होतो. गाडी सुरू करताना किंवा एसी लावताच उठणारी लांबलचक किंकाळी मात्र ताण अपुरा असल्याची खूण असते. दोहोंतला फरक ओळखण्यासाठी मेकॅनिक चालू इंजिनाच्या पट्ट्यावर, हात दूर ठेवून, धारांच्या बाजूने थोडे पाणी फवारतात: चिवचिव क्षणभर थांबून परत आली तर पुलीची रेषा तपासावी, किंकाळी वाढली तर ताण. पावसाळ्यातल्या दमट सकाळी ओरडणारी गाडी हाच प्रयोग आपणहून करून दाखवत असते.

ताण राखण्याचे काम स्प्रिंगच्या टेन्शनरकडे असते. चार सिलिंडरांचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांनी संथ चालत असताना क्रँकशाफ्टला सेकंदाला ३० धक्के बसतात. टेन्शनरचा दांडा ते शोषून घेताना किंचित थरथरतो, पण तो उड्या मारू लागला तर त्याची धक्के शोषण्याची क्षमता संपली आहे किंवा, ज्या गाड्यांत अल्टरनेटरला एकाच दिशेने पकडणारी पुली असते त्यांत, ती पुली जाम झाली आहे, असा संशय घ्यावा. बेअरिंगची परीक्षा याहून सोपी: इंजिन बंद करून, किल्ली काढून, पट्टा उतरवावा आणि प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावी, खरखर किंवा डुगडुग जाणवली की तीच बदलावी.

नव्या पट्ट्यांच्या बाबतीत नजर फसते. पूर्वीच्या निओप्रीन रबराच्या पट्ट्यांना भेगा पडत आणि त्यावरून त्यांचे वय कळे. आताचे ईपीडीएम नावाचे कृत्रिम रबर सहसा भेगाळत नाही, टायरसारखे झिजते. धारांमधील खाचा रुंदावून पट्टा पुलीत इतका खोल बसतो की तिच्या कडांचे शेंडे त्याच्या तळाला टेकतात, पाचरीचा परिणाम नाहीसा होतो आणि दिसायला धडधाकट असलेला पट्टा घसरू लागतो. म्हणून झीज मापकानेच तपासावी. आवाज दाबणारा चिकट फवारा मारणे हा तर उपायच नव्हे, कारण त्यावर धूळ बसते आणि मूळ दोष झाकला जातो. तेलगळती असेल तर ती आधी थांबवावी, नाही तर नव्या पट्ट्याचे रबरही फुगून मऊ पडते.

चालत्या गाडीत बॅटरीचा दिवा लागून पाठोपाठ तापमानाचा काटा चढू लागला, तर पट्टा तुटला असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी गाडी कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करावे. पुढच्या गॅरेजपर्यंत रेटण्याच्या नादात पट्ट्याचा किरकोळ खर्च सिलिंडर हेडच्या दुरुस्तीवर जातो.