स्तनातील गाठीचा निवाडा करणारी प्रयोगशाळा

स्तनात हाताला लागणारी गाठ हे एक लक्षण आहे. ती स्वतः रोग नव्हे. तरुण मुलींमध्ये आढळणारी तंतुमय साधी गाठ म्हणजे फायब्रोॲडिनोमा, पाण्याने भरलेली पुटी, अंगावर पाजणाऱ्या आईला होणारे गळू, क्षयरोगाची गाठ, कर्करोग आणि कर्करोगाचेच काही अतिदुर्मीळ प्रकार हे सारे बाहेरून एकमेकांसारखे वाटू शकतात. त्यांचे उपचार मात्र परस्परांहून इतके निराळे असतात, की एकाला तारणारे औषध दुसऱ्याला घातक ठरावे. यांपैकी नेमके कोणते दुखणे आहे, याचा निवाडा शस्त्रक्रियेच्या टेबलावर होत नाही. तो विकृतिशास्त्राच्या, म्हणजे रोगग्रस्त ऊती आणि पेशी तपासणाऱ्या शास्त्राच्या प्रयोगशाळेत होतो. ही प्रयोगशाळा रुग्णाला सहसा दिसत नाही आणि तिच्यातील डॉक्टरही रुग्णाला क्वचितच भेटतात. तरीही पुढच्या प्रत्येक निर्णयाचा पाया तिच्या अहवालावरच उभा असतो.

निदानाची आज सर्वमान्य असलेली रीत तीन पायऱ्यांची आहे. प्रथम डॉक्टर हाताने स्तन व काख तपासतात. त्यानंतर मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी केली जाते. तरुण वयात स्तनाची ऊती दाट असल्याने मॅमोग्राफीत गाठ झाकली जाते, म्हणून त्या वयात सोनोग्राफीला अधिक महत्त्व येते. तिसरी पायरी सुईची. बारीक सुईने ओढून घेतलेल्या सुट्या पेशींवरून गाठ साधी की कर्करोगाची याचा अंदाज येतो. मात्र सुमारे २ मिलिमीटर जाडीच्या सुईने घेतलेल्या तुकड्यात पेशींची मूळ मांडणी शाबूत राहते, आणि रोगाचा प्रकार त्या मांडणीवरूनच ओळखायचा असतो. या तीन पायऱ्यांचे निष्कर्ष जुळले तर निदान पक्के होते. एकही विसंगत निघाला, तर तुकडा पुन्हा घ्यावा लागतो. ‘गाठीला सुई लावली की रोग भडकतो’ ही समजूत घरोघरी ऐकू येते, परंतु अशा तपासणीमुळे रुग्णाचे आयुष्य घटते याला पुरावा नाही. निदानाविना केलेल्या शस्त्रक्रियेचे दुष्परिणाम मात्र रोजच्या अनुभवातले आहेत.

घेतलेला तुकडा एका तासाच्या आत १० टक्के फॉर्मॅलिनच्या द्रावणात पडला पाहिजे. रक्तपुरवठा तुटताच पेशींतील विकरे त्या पेशींनाच विरघळवू लागतात, आणि फॉर्मॅलिन ही प्रक्रिया थांबवून पेशी आहे त्या स्थितीत घट्ट करते. सहा तासांहून कमी किंवा बहात्तर तासांहून अधिक काळ फॉर्मॅलिनमध्ये राहिलेल्या तुकड्यावर संप्रेरक-ग्राहींच्या, म्हणजे संप्रेरकांना पेशीत धरून ठेवणाऱ्या प्रथिनांच्या, पुढील चाचण्या भरवशाच्या राहत नाहीत. त्यानंतर अल्कोहोलने तुकड्यातील पाणी काढले जाते, झायलीनने अल्कोहोल काढले जाते आणि रिकाम्या झालेल्या जागेत वितळलेले पॅराफिन मेण भरले जाते. मेण गोठून तयार होणाऱ्या वडीला प्रयोगशाळेत ‘ब्लॉक’ म्हणतात. थंड केलेला ब्लॉक मायक्रोटोम या यंत्रावर चढवला, की तंत्रज्ञ हातचाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ३ ते ४ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीन-चार पट जाडीचा, एकेक काप काढतो. पात्याला लागून निघालेली कापांची पट्टी ब्रशच्या टोकाने अलगद उचलून कोमट पाण्यावर सोडली, की तिच्या सुरकुत्या आपोआप उलगडतात. मग पाण्याखालून काच सरकवून काप तिच्यावर घेतला जातो. हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या दोन रंगद्रव्यांनी पेशींची केंद्रके निळी-जांभळी आणि बाकीचा भाग गुलाबी झाला, की काच वाचायला तयार होते. पात्याला खाच असेल तर कापावर उभे ओरखडे उमटतात आणि पाणी नीट निघाले नसेल तर काप फाटतो. म्हणूनच निदानाचा निम्मा दर्जा डॉक्टरांच्या डोळ्यापेक्षा तंत्रज्ञाच्या हातावर ठरतो, असे या क्षेत्रातील जाणकार मानतात.

काच वाचण्यातील अडचण किती सूक्ष्म असू शकते, हे फायलॉडिस ट्यूमर या दुर्मीळ गाठीवरून स्पष्ट होते. जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी १८३८ साली तिचे वर्णन केले. स्तनातील सर्व गाठींमध्ये तिचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असून ती बहुधा चाळिशीतल्या स्त्रियांत आढळते. फायब्रोॲडिनोमाप्रमाणे हीदेखील नलिकांचे अस्तर आणि भोवतालची आधार-ऊती अशा दोन घटकांची बनलेली असते. पण हिच्यात आधार-ऊती दाटून नलिकांच्या पोकळीत पानाच्या आकाराच्या घड्यांनी शिरते. विकृतितज्ज्ञ या घड्या पाहतो, आधार-ऊतीची दाटी पाहतो, गाठीची कड सरळ आहे की शेजारच्या चरबीत घुसली आहे हे तपासतो आणि सूक्ष्मदर्शकाच्या दहा मोठ्या दृष्टिक्षेत्रांत विभाजन पावणाऱ्या किती पेशी दिसतात हे मोजतो. पाचाहून कमी असल्यास गाठ साधी, पाच ते नऊ असल्यास सीमेवरची आणि दहा वा अधिक असल्यास घातक, असा साधारण दंडक आहे. तथापि केवळ मोजणीवर विसंबून न राहता सर्व लक्षणे एकत्र तोलावी लागतात. सुईच्या तुकड्यात गाठीचा लहानसा अंश येत असल्याने काही वेळा निःसंदिग्ध उत्तर मिळत नाही आणि पूर्ण गाठ काढल्यावरच निवाडा होतो. उपचारातील फरक मोठा आहे. फायब्रोॲडिनोमा बऱ्याचदा न काढताही चालतो, तर फायलॉडिस गाठ भोवतालच्या निरोगी ऊतीसह काढली नाही, तर ती त्याच जागी पुन्हा वाढू शकते. घातक प्रकार पसरतो तो मुख्यतः रक्तावाटे फुप्फुसांकडे. काखेतील लसिकाग्रंथींपर्यंत तो क्वचितच पोहोचत असल्याने नेहमीच्या स्तनकर्करोगाप्रमाणे त्या काढून टाकण्याची बहुधा गरज पडत नाही.

कर्करोगाचे सोंग घेणारे रोगही याच काचेवर उघडे पडतात. स्तनाच्या क्षयरोगाचे वर्णन इंग्रज शल्यचिकित्सक ॲस्टली कूपर यांनी १८२९ साली केले होते, आणि क्षयरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या भारतात त्याचा विचार नेहमीच करावा लागतो. यात गाठ कठीण लागते, त्वचा आत ओढली जाते, काखेतही गाठी येतात, त्यामुळे चित्र हुबेहूब कर्करोगाचे दिसते. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस हा कारण न उमगलेला दाहही तसाच असतो आणि तो बहुधा मूल झाल्यानंतरच्या काही वर्षांत होतो. दोन्हींत पेशींचे सारखे दिसणारे पुंजके आढळतात. परंतु एकावर क्षयरोगाची औषधे अनेक महिने घ्यावी लागतात, तर दुसऱ्यावर पुष्कळदा स्टिरॉइड दिले जाते, आणि तेच स्टिरॉइड न ओळखलेल्या क्षयरोगाला चेतवू शकते. म्हणून जंतूंसाठीचे विशेष रंजन, जनुकीय चाचणी आणि जंतुसंवर्धन यांची जोड द्यावी लागते.

कर्करोग निश्चित झाल्यावरही काम संपत नाही. विशिष्ट प्रतिपिंडांनी पेशींतील प्रथिने रंगवण्याच्या तंत्राने इस्ट्रोजेन-ग्राही, प्रोजेस्टेरॉन-ग्राही आणि हर-टू ही तीन प्रथिने तपासली जातात. ग्राही असल्यास टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या लागू पडतात आणि हर-टू अधिक असल्यास १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ट्रास्टुझुमॅब हे औषध देता येते. तिन्ही नसल्यास त्या रोगाला ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणतात. तो सहसा आक्रमक असतो आणि त्यावर तीव्र केमोथेरपी दिली जाते. पण ॲडिनॉइड सिस्टिक कर्करोग हा दुर्मीळ प्रकार ट्रिपल निगेटिव्ह असूनही सौम्य वागतो आणि बहुधा शस्त्रक्रियेनेच आटोक्यात येतो, तर मेटाप्लास्टिक कर्करोग त्याच गटात मोडूनही नेहमीच्या केमोथेरपीला पुरेशी दाद देत नाही. केवळ तीन चाचण्यांचे निकाल वाचून उपचार ठरवणे किती अपुरे आहे, हे यातून दिसते.

मुंबईच्या परळ भागात २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने आधी ऊती तपासून मगच उपचार ठरवण्याची ही शिस्त भारतात रुजवली. तेथील प्रयोगशाळांचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांना भारतीय विकृतिशास्त्राचे जनक मानले जाते. १९५२ साली स्थापन झालेल्या कर्करोग संशोधन केंद्राची धुराही त्यांनी सांभाळली. रुग्णालय १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे आले आणि १९६६ मध्ये दोन्ही संस्था टाटा मेमोरियल सेंटर म्हणून एकत्र झाल्या. या केंद्राने मुंबईतील वस्त्यांत १९९८ पासून ३५ ते ६४ वर्षे वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे रोग लवकरच्या टप्प्यात सापडतो आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटतात, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेन हे भूल देणारे स्वस्त औषध टोचल्याने पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेल्याचे आढळले. हा लाभ मिळण्यासाठी गाठ कर्करोगाची आहे, हे शस्त्रक्रियेआधी ठाऊक असणे अपरिहार्य आहे.

मोठ्या केंद्रांत आज शल्यचिकित्सक, विकृतितज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ आणि औषधोपचारतज्ज्ञ एकत्र बसून उपचार ठरवतात. दुर्मीळ गाठींच्या बाबतीत ते विशेष मोलाचे असते, कारण गावातील प्रयोगशाळेला वर्षाकाठी अशी एखादीच गाठ पाहायला मिळते, तर मोठ्या केंद्रात त्या नित्य येतात. तेथे दुसरे मत मागताना ब्लॉक पाठवला की नव्याने काप काढता येतात आणि रुग्णाला पुन्हा सुई टोचावी लागत नाही. अडचण येते ती घाईने गाठ काढून, अर्धीच तपासायला देऊन किंवा फॉर्मॅलिनऐवजी सलाईनमध्ये ठेवून पाठवलेल्या तुकड्यांची, कारण त्यांतून गेलेली माहिती कोणतीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही. म्हणून स्तनात गाठ लागल्यास सुईने तुकडा तपासल्याखेरीज शस्त्रक्रियेला संमती देऊ नये, काढलेली गाठ संपूर्ण प्रयोगशाळेत जाते आहे याची खातरजमा करावी आणि अहवालासोबत ब्लॉक व काचाही मागून घेऊन जपून ठेवाव्यात.