भिंतीबाहेरची शाळा

शिरपूर हें मुंबई-आग्रा मार्गावरील, अरुणावतीच्या कांठचें गांव. दक्षिणेस तापी, उत्तरेस सातपुडा. येथें १९९२ सालीं औषधनिर्माणशास्त्राचें आणि २००१ सालीं अभियांत्रिकीचें महाविद्यालय निघालें. परंतु जिल्ह्याच्या गांवीं विद्यार्थ्याची धांव ग्रंथालयाच्या कपाटापर्यंतच असते. ती मर्यादा ओलांडण्याचें साधन त्याच सुमारास घडत होतें.

जिनिव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं एक युक्ति सुचविली. एका पानांतील शब्दावर खूण करावी, आणि ती दाबतांच दूरच्या यंत्रावरील दुसरें पान समोर यावें. ३० एप्रिल १९९३ रोजीं संस्थेनें हें जाळें सर्वांस विनामूल्य खुलें केलें. शिवाय कोणतेंहि पान कसें रचिलें आहे, तें वाचकास पाहतां येई. त्यामुळें वाचणारा शिक्षक पाहतां पाहतां लिहिणारा झाला. भारतांत ही सेवा १५ ऑगस्ट १९९५ पासून सर्वसामान्यांस मिळूं लागली.

मराठीपुढें मात्र निराळीच अडचण होती. आरंभीं ज्याचा त्याचा टंक वेगळा असे. तो टंक आपल्या यंत्रावर नसला कीं मजकूर निरर्थक चिन्हांचा दिसे. युनिकोडनें प्रत्येक अक्षरास ठराविक अंक दिला, आणि त्याचा प्रसार होत गेला तसा हा गोंधळ सरला. १ मे २००३ रोजीं मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला.

तथापि पान म्हणजे पाठ नव्हे. हें ज्यांनीं ओळखिलें त्यांत मार्टिन डुगियामस हे एक होत. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी प्रदेशांत त्यांचें बालपण गेलें, आणि त्यांची पहिली शाळा रेडिओवरची होती. २००२ सालीं त्यांनीं ‘मूडल’ ही संगणकीय वर्गव्यवस्था प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यानें नुसतें वाचूं नये, विचारावें, लिहावें, एकमेकांस उत्तर द्यावें, हें तिचें सूत्र. महाराष्ट्रांत २००१ सालीं सुरू झालेल्या एम्.एस्.-सी.आय्.टी. अभ्यासक्रमानें हाच धडा दुसऱ्या रीतीनें गिरविला. पाठ संगणकावर, पण केंद्रांत हात धरून शिकविणारा मनुष्य जवळ.

२००३ सालापासून आय्.आय्.टी.च्या अध्यापकांचीं व्याख्यानें एन्.पी.टी.ई.एल्. या उपक्रमांतून सिद्ध होऊं लागलीं. पवई येथील अध्यापकाचें व्याख्यान शिरपुरांत ऐकण्यास आतां भाडें पडत नाहीं. परंतु २०२० सालीं शाळा बंद झाल्या, तेव्हां या साधनाची कसोटी लागली. ज्या घरीं एकच फोन, आणि तोहि बापाबरोबर कामावर, त्या घरची शाळा सकाळींच बंद होई. डोंगराआडच्या पाड्यांवर लहरी पोंचतीलच याचा भरंवसा नव्हता.

सर्न येथें दार मोफत उघडलें गेलें, हें खरें. पण दारापर्यंतची वाट कोणीतरी बांधावी लागते, आणि आंत गेलेल्या मुलाचा प्रश्न ऐकावयास कोणीतरी बसावें लागतें. पहिलें काम तारेचें, दुसरें शिक्षकाचें. यांपैकीं एकहि राहिलें, तर भिंत पुन्हां उभी राहते. मात्र ती डोळ्यांस दिसत नाहीं.