जुन्या मोटारीची जाळी : काढावी की राखावी?

भंडारा शहरापासून नागपूर सुमारे साठ किलोमीटर अंतरावर आहे, आणि रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग लाखनी-साकोलीवरून जिल्ह्यातून आडवा जातो. मोठ्या शहरांत दहा-बारा वर्षे चाललेल्या मोटारी अशा जिल्ह्यांत येऊन पुन्हा कामास लागतात. कुणी त्या कुटुंबासाठी घेतो, तर कुणी शाळेच्या मुलांची ने-आण करण्यासाठी. पुढे कधीतरी गाडीचा पिकअप कमी होतो, पेट्रोल अधिक लागू लागते आणि मालकास सल्ला मिळतो : ‘सायलेन्सरमागची जाळी काढून सरळ पाइप बसवा.’ तसे केल्यावर गाडी काही दिवस हलकी चालते, हे खरे आहे. म्हणूनच हा सल्ला लोकांना पटतो.

ज्यास बोलीभाषेत जाळी म्हणतात ते साधन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, अर्थात उत्प्रेरक परिवर्तक. पोलादी डब्यात चिनी मातीसारख्या पदार्थाचे, मधमाशीच्या पोळ्याप्रमाणे बारीक छिद्रांचे ठोकळे बसविलेले असतात आणि त्यांवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. इंजिनातून निघालेले विषारी वायू या छिद्रांतून जाताना कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळालेल्या पेट्रोलचे पाणी व कार्बन डायऑक्साइड होतात आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून निरुपद्रवी नायट्रोजन सुटा होतो. ही क्रिया सुमारे अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअस तापमानानंतरच नीट सुरू होते. म्हणून थंड इंजिन सुरुवातीस अधिक प्रदूषण करते.

अमेरिकेत या साधनाचा सार्वत्रिक वापर १९७५ च्या मोटारींपासून सुरू झाला. भारतात १९९५ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना ते सक्तीचे झाले. शिसेमिश्रित पेट्रोलने धातूचा थर निकामी होत असल्याने त्याच शहरांत शिसेविरहित पेट्रोलही आणावे लागले. देशभर ते २००० मध्ये लागू झाले. त्यापूर्वीच्या अ‍ॅम्बॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी या मोटारींत हे साधन नव्हतेच. तेव्हा जुन्या गाडीतून काही काढण्यापूर्वी ती कोणत्या सालची आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

दोष जाळीचा की इंजिनाचा?

जाळी सहसा आपणहून चोंदत नाही. प्लग नीट पेटत नसेल तर न जळालेले पेट्रोल थेट जाळीत जाऊन तेथे पेट घेते आणि ठोकळा वितळतो. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर इंजिन ऑइल जळून त्याची राख छिद्रांत बसते. प्राणवायूचे प्रमाण मोजणारा सेन्सर बिघडल्यास पेट्रोल गरजेपेक्षा अधिक सुटते. या तिन्ही दोषांचे दृश्य फळ म्हणजे चोंदलेली जाळी. ती काढल्याने अडथळा दूर होतो, दोष मात्र तसाच राहतो आणि पेट्रोलचा अपव्ययही चालूच राहतो. काढलेला नग बहुधा गॅरेजमध्येच राहतो. त्यातील धातूंची बाजारात चांगली किंमत येते, हे मालकास क्वचितच सांगितले जाते.

याहून गंभीर बाब प्रवाशांच्या जिवाची आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या तुलनेत दोनशेहून अधिक पट सहजतेने जोडला जातो. जाळीच्या जागी घाईने वेल्डिंग केलेल्या पाइपला फट राहिली आणि गाडीच्या तळास गंजून भोक पडले असेल, तर हा वायू बंद खिडक्यांच्या गाडीत शिरू शकतो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही त्याची पहिली लक्षणे. शाळेच्या गाडीतून उतरणारी मुले वारंवार अशी तक्रार करीत असतील, तर ती केवळ ‘गाडी लागण्यावर’ न टाकता शिक्षकांनी पाइपची तपासणी करवून घ्यावी.

डिझेल गाड्यांत काही ठिकाणी ई.जी.आर. झडप पत्रा लावून बंद केली जाते. ही झडप धुराचा थोडा भाग पुन्हा इंजिनात सोडते. त्यामुळे ज्वलनाचे तापमान उतरते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कमी निर्माण होतात. काजळीने ती अडकते, हे मान्य. परंतु ती साफ करता येते. येथे एक उणीव सांगितली पाहिजे. पी.यू.सी. तपासणीत डिझेल गाडीच्या धुराची घनता मोजली जाते, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत. त्यामुळे झडप बंद केलेली गाडीही प्रमाणपत्र मिळवू शकते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-क मध्ये अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. प्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास कलम १९० खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

ग्रामपंचायत किंवा शाळा गाडी भाड्याने घेत असेल, तर चालू पी.यू.सी. प्रमाणपत्र मागावे. भारत स्टेज-४ पूर्वीच्या गाड्यांना ते दर सहा महिन्यांनी, त्यानंतरच्या गाड्यांना वर्षाने घ्यावे लागते. धुराचा रंगही बरेच सांगतो : निळा असेल तर ऑइल जळत आहे, काळा असेल तर इंधन जास्त सुटत आहे किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. आणि जाळी शाबूत असलेली गाडी खळ्यावर तणसाच्या ढिगावर उभी करू नये. प्रवासानंतर तो डबा इतका तापलेला असतो की वाळलेले तणीस पेट घेऊ शकते.