लॅमिनेट की व्हिनाइल? नमुना नव्हे, घरातले पाणी पाहून ठरवा

हल्ली आपल्या वस्त्यांतही घराची दुरुस्ती काढली की जुनी फरशी न उखडता तिच्यावर लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या बसविण्याची पद्धत रूढ होत आहे. दुकानात लॅमिनेट व व्हिनाइल शेजारी-शेजारी मांडलेले असतात. दोन्ही वरून सागवानासारखे दिसतात आणि ग्राहक रंग व भाव पाहून माल उचलतो. आम्ही कापडाचे व्यापारी. कापड छपाईवर घेऊ नये, ताणा-बाणा पाहून घ्यावे, हा आमच्या धंद्याचा नियम. तोच येथे लागू पडतो.

लॅमिनेटचा गाभा लाकडाचे तंतू दाबून केलेला असतो. त्यावर छापील कागद व सर्वांत वर मेलामाइनचा कडक थर. स्वीडनच्या पेर्स्टॉर्प कंपनीने 1977 साली हा प्रकार काढला व पेर्गो या नावाने विकला. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. त्यातल्या एसपीसी पट्टीच्या गाभ्यात पीव्हीसीबरोबर चुनखडीची भुकटी असते.

खरा फरक पाण्याचा आहे. लॅमिनेटच्या सांध्यात पाणी मुरले की गाभा फुगतो, कडा वर येतात आणि वाळल्यावरही पट्टी पूर्ववत होत नाही. आपल्या घरांत वुजूनंतर ओले पाय फिरतात, रोज ओला पोछा लागतो, कोकणात तर चार महिने हवेतच ओल असते. अशा ठिकाणी व्हिनाइल बरे. त्याला वाळवीही खात नाही.

मात्र व्हिनाइललाही ऐब आहेत. तापलेली देगची किंवा इस्त्री टेकली तर डाग राहतो. दुपारचे कडक ऊन सतत पडणाऱ्या जागी ते फुगू शकते. रबरी पाठीच्या पायपुसण्याने पिवळे डाग पडतात. लॅमिनेट उष्णता व ओरखडे अधिक सोसते. म्हणून वरच्या मजल्यावरील कोरडी बैठकीची किंवा झोपण्याची खोली असेल आणि पोछा घट्ट पिळून मारायची सवय असेल, तर लॅमिनेट घेण्यास हरकत नाही.

घेताना आकडे विचारा. लॅमिनेट घरासाठी 8 मिलिमीटर व एसी 3 दर्जाचे, वर्दळ जास्त असेल तर एसी 4 चे घ्यावे. व्हिनाइलमध्ये एकूण जाडीपेक्षा वरच्या पारदर्शक थराची जाडी महत्त्वाची. घराला 0.3 मिलिमीटर चालते, 0.5 असल्यास अधिक टिकते. 10 बाय 12 फुटांची खोली 120 चौरस फुटांची होते. कापणीची घट धरून सुमारे 132 चौरस फूट माल घ्यावा आणि तोही एकाच लॉटचा. कापडात दोन लॉटचा रंग जुळत नाही, तसे येथेही होते.

तळमजल्याच्या घरात आधी ओल तपासा. दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने फरशीवर बंद करा. एक दिवस-रात्र ठेवून उचला. खाली थेंब दिसले तर आधी ओलीचा बंदोबस्त करा. नाहीतर लॅमिनेट फुगेल आणि व्हिनाइलखाली बुरशी व कुबट वास येईल.

कारागीर बंधूंना एक विनंती. दोन मीटरच्या पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा अधिक खळगा असेल तर आधी भरून घ्या. पेट्या 48 तास त्याच खोलीत ठेवा. खटक्याने जुळणाऱ्या पट्ट्यांना भिंतीलगत 8 ते 10 मिलिमीटर जागा सोडा. मालकाच्या घाईपायी हे टाळले आणि फरशी उचलली, तर दोष मालाला कोणी देत नाही. कारागिराचीच मजुरी अडते आणि नाव जाते.

आणि दुकानदारांना आमचे सांगणे असे. “पाणी सोसते” आणि “पाण्याने काहीच होत नाही” या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही लॅमिनेट पाणी ठरावीक तासच सोसते. ते तास ग्राहकाला सांगा. कुरआनच्या 83व्या सूरह, अल-मुतफ्फिफीनमध्ये मापात कमी देणाऱ्यांना कडक इशारा आहे, आणि मालाचा ऐब झाकून विकणे आपल्या दीनने मना केले आहे. माणूस घराची फरशी अनेक वर्षांच्या बचतीतून करतो. त्याला खरे सांगून एखादा सौदा गेला तरी चालेल; रोजीत बरकत अल्लाह देतो.