सहल कीं धांवपळ?

सहलींचे दिवस आले म्हणजे बारामती व इंदापूर येथील प्राथमिक शाळांच्या गाड्या पुण्याकडे धांवूं लागतात. परंतु अर्ध्या तासांत संग्रहालय उरकून मुलें बाहेर पडलीं, तर त्यास शिक्षण म्हणावें काय?

राजा दिनकर केळकर संग्रहालयाचेंच उदाहरण घ्या. दिनकर गंगाधर केळकर हे व्यवसायानें चष्म्यांचे व्यापारी. दिवंगत पुत्र राजा याच्या स्मरणार्थ त्यांनीं गांवोगांव हिंडून वाढविलेला संग्रह १९७५ सालीं महाराष्ट्र शासनास अर्पण केला. त्यांतील सुमारें २०,००० वस्तूंत दिवे, अडकित्ते, दौती, वाद्यें व कोरीव दरवाजे आहेत. सुपारी कातरण्याच्या हत्यारालाहि घाट देणारा कारागीर आमच्यासारख्याच गांवांत राहत होता. कला ही केवळ राजवाड्याची मिरास नव्हे, हें मुलांस तेथें प्रत्यक्ष दिसतें.

म्हणून शिक्षकांनीं सर्व दालनें दाखविण्याचा हट्ट सोडावा. प्रत्येक मुलानें एकच वस्तु निवडावी, तिच्यापुढें स्वस्थ बसावें व ती वहींत पेन्सिलीनें काढावी. दुसरी गोष्ट पैशाची. भाडें देण्याची ऐपत नाहीं म्हणून एकहि मूल मागें राहतां कामा नये. उत्सवांच्या मंडपांस सढळ हातानें वर्गणी देणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंस हा भार खास जड नाहीं.

उजनीचें पाणी ओसरलें म्हणजे इंदापूर तालुक्यांत पळसदेवचें जुनें देऊळ उघडें पडतें. ज्या मुलास पाहावयास शिकविलें, तें त्या कोरीव कामापुढें थांबेल. ज्यास शिकविलें नाहीं, त्यास तेथें केवळ दगड दिसतील.