प्रवरेच्या उगमाकडील मुक्काम

प्रवरा कालव्याच्या पाण्यावर ज्यांचीं शेतें भिजतात, त्यांपैकीं पुष्कळांनीं भंडारदऱ्याचें नांव पाण्याच्या पाळीच्या संबंधानेंच ऐकिलेलें असतें. धरणांत पाणी किती, हें ते तोंडपाठ सांगतील. परंतु तें कोठून येतें हें डोळ्यांनीं पाहिलेले थोडेच. यास्तव गहूं-हरभऱ्याची पेरणी आटोपल्यावर आठ-दहा शेतकरीबंधूंनीं मिळून तिकडे तीन रात्रींचा मुक्काम करावा असें आम्हांस वाटतें, व त्याची तयारी कशी करावी हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

हा मुलूख अकोलें तालुक्याच्या पश्चिम टोंकास असून १९८६ सालापासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत मोडतो. प्रवरा रतनगडावर उगम पावते. गडाच्या पायथ्याशीं रतनवाडीस अमृतेश्वराचें जुनें दगडी देऊळ आहे, आणि खालीं शेंडी गांवाजवळ १९२६ सालीं पुरें झालेलें धरण. त्यांत सुमारें ११ अब्ज घनफूट पाणी मावतें. घाटमाथ्यावर घाटघरास वर्षाकाठीं कित्येक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तीच नदी राहुरी-श्रीरामपुराकडे उतरते तेथें तो ५०० मिलिमीटरांच्या आसपास. आपला ऊंस या दोन आंकड्यांमधील अंतरावर उभा आहे.

काळ मार्गशीर्ष-पौषाचा उत्तम. पावसाळ्यांत रंधा धबधबा पाहण्यासारखा असला तरी तंबूंत राहणें त्रासाचें होतें, आणि साम्रदजवळील सांदण दरींत तर तेव्हां पाऊल टाकूंच नये. वर पाऊस झाला कीं त्या चिंचोळ्या घळींतून लोंढा एकाएकीं येतो. मृगाच्या तोंडावर हिरडा-बेहड्याच्या झाडांवर काजवे दाटतात, परंतु त्या वेळीं मोटारींची गर्दी फार, व आपणांसही पेरणीच्या तयारींतून सवड नसते.

अभयारण्यांत प्रवेशास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे निर्बंध आहेत. म्हणून निघण्यापूर्वीं वनखात्याकडे चौकशी करून मुक्काम कोठें करूं देतात हें विचारावें, आणि नाक्यावर नोंद करून पावती जवळ ठेवावी. गांवकऱ्यांच्या मालकीच्या जमिनींत त्यांच्या संमतीनें राहणें सर्वांत सोयीचें. भात कापून मोकळें झालेलें खाचर तंबूस चांगलें. मात्र बांधावर खुंट्या ठोकूं नयेत. बांध म्हणजे काय हें शेतकऱ्यास सांगावयास नकोच!

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट विस्तवाची. थंडी कडक असते, आणि शेकोटी पेटविण्याचा मोह अनावर होतो. परंतु पौष लागतां डोंगरावरील गवत वाळून कोळ झालेलें असतें व वाऱ्यानें एक ठिणगी सबंध उतारभर पसरते. अभयारण्यास धोका होईल असा विस्तव करणें वरील कायद्यानें मना आहे. पण कायदा बाजूस ठेविला तरी आपलें स्वतःचें नुकसान पाहावें. जळालेल्या उतारावर गुरांची वैरण उरत नाहीं, हा पहिला तोटा तेथील महादेव कोळी कुटुंबांचा. दुसरा तोटा पुढील पावसाळ्यांत दिसतो: उघड्या पडलेल्या जमिनीवर मुसळधार सरी कोसळतात, माती ओढ्यांनीं वाहून धरणांत बसते, आणि गाळानें जितकी जागा व्यापिली तितकें पाणी कालव्यास कमी. एका रात्रीच्या उबेची किंमत खालचा बागाइतदार वर्षानुवर्षें भरतो. तेव्हां स्वयंपाकास लहान गॅसची शेगडी न्यावी, तीही गवत काढून साफ केलेल्या जागीं मांडावी, आणि थंडीसाठीं घोंगड्या न्याव्या.

धुराचा आणखी एक धोका म्हणजे आग्या माशा. कड्याला त्यांचीं मोहळें लोंबतात. धुरानें त्या खवळतात. हल्ला झालाच तर तोंड झांकून दूर पळत सुटावें. डंख पुष्कळ झाले किंवा श्वास कोंडूं लागला तर दवाखाना गांठण्यास क्षणाचाही विलंब करूं नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, परंतु दऱ्यांत मोबाईलचा संपर्क भरवशाचा नसतो. सबब एक वाहन व चालक सदैव तयार ठेवावा. सर्पदंशासही हाच उपाय. मांत्रिकाकडे वेळ दवडूं नये.

पहिला मुक्काम शेंडीस करून धरण पाहावें, पुढील दोन रतनवाडीस. गड १,२९७ मीटर उंच असून वाटेंत लोखंडी शिड्या आहेत. चढावयास तीन तास धरून पहांटेस निघावें, दर माणशीं निदान तीन लिटर पाणी घ्यावें. माथ्यावर नेढें आहे, त्यांतून वारा सोसाट्यानें वाहतो. कडेला उभें राहूं नये. उतरतांना कोणासही एकटें मागें ठेवूं नये. चौथे दिवशीं घाटघरचा कडा पाहून परतावें. ज्यांच्या गुडघ्यांत बळ असेल त्यांनीं बारी गांवावरून १,६४६ मीटरांचें कळसूबाई शिखरही करावें, पण त्यास आणखी एक दिवस हवा.

जेवणाचें रतनवाडींतच एखाद्या घरीं आगाऊ सांगून ठेवल्यास नाचणीची भाकरी व पिठलें मिळतें. माणसें किती तें नक्की कळवावें, कारण बाजार दूर आहे. आणि मोबदला हात आंखडून देऊं नये. आपण नेलेला प्लास्टिकचा कचरा पोत्यांत भरून परत आणावा.