यंत्रांची दहीहंडी

१९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. मुलांनी हातांनी काम करता करता ज्ञान मिळवावे, हा विचार तिने देशापुढे ठेवला. सूत कातताना तुटणारा धागा कातणाऱ्याची चूक तत्काळ दाखवितो. विद्यार्थ्यांनी स्वतः घडविलेले यंत्रही तसेच करते, मग ते केवळ खेळण्यासाठी का असेना.

२००८ च्या ऑगस्टमध्ये पुण्यास झालेली ‘रोबोकॉन’ स्पर्धा याचे उत्तम उदाहरण होय. या स्पर्धेत निरनिराळ्या देशांतील अभियांत्रिकीचे विद्यार्थी आपापले यंत्रमानव घेऊन उतरतात. त्या वर्षीचा खेळ गोकुळाष्टमीच्या दहीहंडीवर बेतलेला होता. उंचावरचे लटके लोणी तीन मिनिटांच्या आत यंत्रांनी हस्तगत करावयाचे होते. काही यंत्रे कोणी न चालविता स्वयंप्रेरणेने चालणारी होती.

अशा यंत्रास वाट कशी सापडते? जमिनीवर पांढरा पट्टा आखलेला असतो. पांढऱ्या पृष्ठभागावरून प्रकाश अधिक परावर्तित होतो, गडद पृष्ठभागावरून कमी. यंत्राच्या तळाशी बसविलेले संवेदक हा भेद टिपतात. यंत्र पट्ट्यावरून ढळले, की त्याचा नियंत्रक एका चाकाची गती कमी-अधिक करून त्यास पुन्हा मार्गावर आणतो.

तथापि अडचणी येतातच. ‘दोन सेकंद चाक फिरव’ अशी आज्ञा दिली असता, विद्युत्‌घट उतरताच चाक मंदावते आणि वळण अपुरे राहते. म्हणून काळ न मोजता चाकाचे फेरे मोजणारा संवेदक बसवितात.

हे काम एकट्याचे नव्हे. एकाने यंत्राचा हात जड केला, तर दुसऱ्याला अधिक शक्तीची मोटार शोधावी लागते. तिला वीज जास्त लागते. आणि तिसऱ्याला आज्ञावली बदलावी लागते. दहीहंडीत खालच्या थरातील एक पाय डळमळला, तर वरचा गोविंदा कोसळतो. येथेही तसेच घडते.

पुण्यातील त्या स्पर्धेत चीनच्या शिआन जिआओतोंग विद्यापीठाचा संघ विजयी झाला. परंतु आपल्या यंत्राचा दोष हुडकून तो स्वतःच्या हातांनी दूर करण्याची विद्या जिंकणाऱ्यास आणि हरणाऱ्यासही सारखीच लाभते. वर्ध्याच्या परिषदेस अभिप्रेत असलेले शिक्षण याहून फारसे वेगळे नव्हते.